उकळायचं राहिलं

स्लाइडवरचा थेंब दुधासारखा पांढरा आणि सपाटच राहिला. टायफॉइडचा जंतू असता तर तो ओळखणाऱ्या सिरममध्ये कण धरले असते; इथे एकही धरेना. सरांनी काच डावीकडे कलती केली, उजवीकडे केली, उजेडापुढे धरली आणि शेवटी रिपोर्ट लिहायला पेन काढलं.

"टायफॉइड नाही," ते म्हणाले. "सर्जनना कळव. बाराला आत घेऊ दे तिला."

ती म्हणजे सरांचीच मुलगी. तिसऱ्या मजल्यावर, नऊ दिवसांचा ताप अंगात, पोटात उजवीकडे दुखतंय म्हणून कण्हत पडलेली. सर्जनचं म्हणणं सरळ होतं : टायफॉइड असेल तर औषधावर थांबू, नसेल तर पोट उघडून पाहू. पोरीच्या रक्तातून वाढवलेला जंतू खाली प्रयोगशाळेत आला होता आणि निवाडा सरांच्या हातात होता. खरं तर बापानं त्या टेबलावर बसूच नये. पण प्रयोगशाळेच्या प्रमुखाला उठवायची छाती कोणाची?

भिंगरीची. या तंत्रज्ञ बाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतं. एका जागी पाय टिकत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणत. आज मात्र ती सरांच्या मागे खिळल्यासारखी उभी होती.

"सर, पेन ठेवा खाली. उकळायचं राहिलं."

"काय?"

"जंतू उकळायचा राहिला. टायफॉइडचा जंतू अंगावर पांघरूण घेऊन येतो. आपलं सिरम त्याच्या अंगाला भिडणार कसं? आधी पांघरूण काढायचं, मग ओळख पटवायची."

"मला शिकवतेस?" सर कडाडले.

"तुमचंच तुम्हाला परत देतेय. चौदा वर्षं प्रत्येक नव्या माणसाकडून घोकून घेतलंत. शरीराचे पहारेकरीसुद्धा याच पांघरुणाला फसतात, म्हणून हा ताप अंगात मुरतो, हेही तुमचंच."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. हजारो स्लाइडी पाहिलेला माणूस स्वतःच्या पोरीच्या वेळी पहिलीच पायरी गाळून बसला होता. थेट पांघरूणच ओळखणारं दुसरं सिरम परवाच संपलं होतं. आणि घड्याळात साडेअकरा वाजत होते.

नळी उकळत्या पाण्यात गेली. वीस मिनिटं. भिंगरीनं वर फोन करून सर्जनना बजावलं, "रिपोर्ट येतोय. तोवर हात लावू नका."

"झाली का?" सरांनी विचारलं.

"तीन मिनिटं झालीत."

"आता?"

"साडेतीन, सर!" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर नवरा नव्हता, बाप होता. तिनं ते गिळलं आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

नळी थंड झाली. "तू कर," सर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

काचेवर शेजारी शेजारी दोन थेंब. एकात नुसतं मिठाचं पाणी, दुसऱ्यात सिरम. भिंगरीनं काच हलकेच डुलवली. एकदा. दोनदा. पाण्याचा थेंब होता तसाच राहिला. सिरमच्या थेंबात मात्र, दूध नासावं तसे, पांढरे कण भराभर दाटले.

"धरले! सर, धरले!" भिंगरीनं खरोखर उडी मारली.

सरांनी भिंगातून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. सर्जनना फोन झाला. ऑपरेशन रद्द. मग त्यांनी पोरीच्या उशाशी बसलेल्या बायकोला फोन लावला.

"अगं, टायफॉइड आहे! टायफॉइडच आहे!" चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि सर खदखदून हसत होते.

 पलीकडून भिंगरीलाही ऐकू येईल असा आवाज आला :

"अहो, पोरीला टायफॉइड झालाय आणि तुम्ही हसताय काय?"

"तूही हस," सर म्हणाले.