चौकटीतलं दुकान

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता आणि थोरली सकाळपासून स्टुलावरून हलली नव्हती. तिच्या मागे भिंतीवर पेटीसारखी फ्रेम टांगलेली होती. चार बोटं खोल, पुढून वर सरकणारी काच. आत बाबांचं शिंप्याचं दुकान.

पुठ्ठ्याच्या भिंती. आगकाड्यांचं फडताळ, त्यात मण्यांएवढी रिळं. चांदीच्या कागदाची कात्री. खिळ्याला मापाची पट्टी. तिच्यावरचे आकडेसुद्धा थोरलीने भिंगाखाली लिहिले होते. मधोमध अंगठ्याएवढं काळं शिलाई मशीन. आठ महिने खपली होती ती त्यावर.

"दोन घास खाऊन तरी घे," नवरा म्हणाला. "ती यायची नाही. सात वर्षांत आली का?"

"आज येईल."

बाबा गेल्यावर दुकान विकायचं की ठेवायचं, यावरून दोघी बहिणींचं बिनसलं. थोरलीने विकलं. तेव्हापासून धाकटीने तिच्या घराची पायरी चढली नव्हती. फोन उचलला नाही, पत्रांना उत्तर दिलं नाही. या खेपेला थोरलीने पत्र लिहिलंच नाही. फ्रेमचा फोटो आणि हॉलचा पत्ता, एवढंच पाठवलं.

हॉल बंद व्हायला अर्धा तास उरला असताना धाकटी आली. तरातरा, इकडेतिकडे न बघता. बहिणीला ओलांडून थेट फ्रेमपुढे गेली आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकली.

"हे काय केलंयस, ताई?" सात वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य. "मशीनचं तोंड भिंतीकडे?"

"मग कुठे होतं?"

"रस्त्याकडे! आपण शाळेतून येताना बाबांना लांबूनच दिसावं म्हणून. उन्हाने डोळे दिपायचे, तरी बाबा जागा बदलायचे नाहीत. दुकान विकलंस ते विकलंस, आता हेही विसरलीस?"

तिचा आवाज चिरकला. लोक वळून बघू लागले. नवरा मध्ये पडायला पुढे झाला, तसं थोरलीने त्याला हातानेच थांबवलं. मग तिने काच वर सरकवली.

"घ्या, मास्तरीणबाई," ती म्हणाली. बाबा धाकटीला याच नावाने हाक मारायचे. "तुम्हीच करा दुरुस्त."

धाकटीने पदराने डोळे पुसले. मोडेल या भीतीने मशीन चिमटीत धरून अगदी बेताने ओढलं. ते अलगद हातात आलं.

ती थबकली. तिने एक रीळ हलवून पाहिलं. हललं नाही. कात्री हलली नाही. फडताळ, पट्टी, सगळं डिंकाने पक्कं बसवलेलं होतं.

मशीन तेवढं थोरलीने चिकटवलंच नव्हतं.