भिंतीला टेकलेली देवी

पहाटे सत्यभामा घरापुढच्या सपरीच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. टाचा टेकलेल्या, डोकं टेकलेलं, कोपरं वाकवून दोन्ही हात भिंतीला चिकटवलेले. ते तसेच घासत घासत वर न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. दिवसदिवस मान घालून विड्या वळल्यानं पाठ लाकडासारखी आखडली होती, खांदे वर जाईनात. हात कसेबसे डोक्याच्या वर गेले तसं अंग थरथरलं, डोळे मिटले आणि तोंडातून कण्हणं निघालं.

नेमकी तेव्हाच सासू धुरपताबाई उठून बाहेर आली.

"आली वो, आली! सुनेच्या अंगात मातामाय आली!"

धुरपताबाईची हाक साऱ्या आळीनं ऐकली. हां हां म्हणता अंगण भरलं. कोणी कुंकू आणलं, कोणी कडुलिंबाचा डहाळा.

खरं सांगावं, तर हा व्यायाम सत्यभामेला शिकवला होता दवाखान्यातल्या नर्सबाईनं, आणि तिच्याकडे ती गेली होती चोरून. नसबंदीच्या सक्तीचे दिवस ते. नर्सबाईचं नुसतं नाव निघालं तरी सासू म्हणायची, "तिच्या दारात गेलेली सून माह्या घरात राहनार नाई." सत्यभामेच्या पदरात अजून मूल नव्हतं. बाईनं फक्त खांदे पाहिले, हे कोणाला पटणार? माहेरी धाडायला एवढं कारण पुरे होतं.

म्हणून तिनं डोळे उघडलेच नाहीत. देवीला जाब कोण विचारतो? हात वर, हात खाली. अंग भीतीनं आपोआप कापत होतं, त्यासाठी सोंग करावं लागलं नाही.

"माय, माह्या पोराले वाचव वो!"

शेजारची ललिताबाई गर्दी सारून पुढे आली. कडेवरचं तान्हं पोर तिनं सत्यभामेच्या पायांवर ठेवलं.

"कालपासून दूध नाई घेऊन राहिला. तुह्या हातचा अंगारा दे, माय."

पोराचं अंग पायाला लागलं आणि सत्यभामेला चटका बसला. तिनं डोळे उघडून खाली पाहिलं. पोराची मान लुळी पडली होती. ते रडतही नव्हतं.

आता मात्र स्वतःची भीती विसरून ती पोरासाठी भ्याली. अंगारा दिला, तर ललिताबाई समाधानानं घरी जाईल आणि पोर बरं व्हायची वाट पाहत बसेल.

"अंगारा नाई," ती बोलली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "याले नर्सबाईकडे ने. आत्ताच्या आत्ता. निंग!"

ललिताबाईनं एकदा धुरपताबाईकडे पाहिलं, एकदा देवीकडे. मग पोर उचललं आणि दवाखान्याच्या वाटेनं पळत सुटली. तिच्यामागं अर्धी आळी गेली.

धुरपताबाई जागची हलली नाही. कुंकवात बुडवलेलं बोट तिनं सुनेच्या कपाळाजवळ नेलं आणि मध्येच थांबवलं.

"माय," हात न जोडता तिनं विचारलं, "नर्सबाईचं दार तुले कोनं दाखवलं?"

सत्यभामेचे हात अजून डोक्याच्या वर होते. ते खाली आणायची तिची हिंमत होईना.