नावाची पट्टी
संघाचं सामान सांभाळणारा लॉर्न जर्सीवर बोड्रीच्या नावाची पट्टी शिवत होता, तीही जुन्याच भोकांतून. हीच पट्टी त्याने याआधी दोनदा शिवून उसवली होती. खालच्या आइस हॉकी लीगमध्ये सलग तीन वर्षं सर्वाधिक गोल करणारा बोड्री आज तरी वरच्या संघातून बर्फावर उतरणार होता. तेवढ्यात मॅनेजर आला. “उसव ती. तो उंच पोरगाच खेळेल.” “साहेब, त्याला धड वळताही येत नाही.” “नव्या पोरांच्या निवडीत पहिल्याच फेरीत मी उचललाय त्याला. बाहेर बसवला तर लोक तोंडात शेण घालतील. बोड्रीचं काय, गुणी आहे, मुकाट परत जातो.” लॉर्नला शिसारी आली, मॅनेजरची आणि स्वतःचीही. त्याने जर्सी आणि उसवायचं ब्लेड साहेबांच्या हातात कोंबलं. “बोड्रीची आई नऊ तास गाडी चालवून आलीय, पहिल्या रांगेत काचेपाशी बसलीय. तिच्या शेजारी बसून उसवा.”