सहा पॉवरचा स्कोप

विवेकने नेत्राचं कोपर धरलं आणि किंचित वर उचललं. रस्त्यापलीकडच्या पार्किंगमधून शंतनूला ते स्पष्ट दिसलं.

तो बसला होता ती गाडी शेजारच्या चारुदत्तकाकांची. स्वतःची दुरुस्तीला टाकलीय असं सांगून त्याने ती सकाळी मागून आणली होती, नेत्राने ओळखू नये म्हणून. चँडलर शहराचं वाळवंटी ऊन टपावर उतरलं होतं. इंजिन चालू ठेवलं तर कुणाचं तरी लक्ष जाईल, म्हणून एसी बंद, काच खाली. पाठ घामाने सीटला चिकटली होती.

समोर शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. दारात तिघं उभी होती: नेत्रा, तिच्या ऑफिसातला विवेक आणि पांढऱ्या दाढीचा दुकानदार. नेत्राच्या हातात रायफलवर बसवायचा स्कोप होता. रायफल नव्हती, नुसती ती नळीसारखी दुर्बीण. ती डोळ्याला लावून नेत्रा लांबचं काहीतरी बघत होती आणि विवेक तिचा हात स्थिर करत होता. हात स्थिर करायला एवढं जवळ उभं राहावं लागतं?

उन्हाळ्यापासून दर शनिवारी ती नेमबाजीला रेंजवर जात होती. नाद विवेकने लावलेला. सुरुवातीला तिने शंतनूलाही म्हटलं होतं, तू पण चल. तेव्हा त्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. पुन्हा म्हणाली तेव्हा त्याला कंटाळा आला होता. त्यानंतर तिने विचारलं नाही, आणि तिने विचारणं का सोडलं याचाच तो विचार करत बसला. आता तर तिला सोडतीत हरणाच्या शिकारीचं परमिट लागलं होतं. रोज जेवताना स्कोपच्या गोष्टी. झूमवाला नको, एकाच पॉवरचा हवा. फिरवायची रिंग नाही, वजनाला हलका, आपटला तरी लवकर बिघडत नाही. चारचा, म्हणजे चौपट मोठं दाखवणारा, झाडीतल्या शिकारीला बरा, दहाचा लांबच्या कागदी टार्गेटला. ती रंगून सांगायची. शंतनू फक्त ‘विवेक म्हणतो’ तेवढं ऐकायचा. मग ऑफिसात बसून तो तिच्या फोनचं लोकेशन बघायला लागला.

दारात नेत्राने पहिला स्कोप परत केला आणि दुसरा घेतला. हा जरा लांब होता. तो समोरच्या पाट्यांवरून, गाड्यांवरून सावकाश फिरवत ती एका जागी थांबली. स्कोप खाली घेतला. पुन्हा लावला. मग तिने हात वर केला, विवेकला काहीतरी दाखवायला.

शंतनू झटकन खाली वाकला. डोकं स्टिअरिंगखाली, गिअर बरगड्यांत रुतलेला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग एक डोळा खिडकीच्या कडेपर्यंत वर आणला.

ती अजून दारातच होती. हातात स्कोप नव्हता. बोलणंही चाललेलं दिसत नव्हतं. विवेकने पायाने दार अडवून धरलं होतं. दुकानदाराने आतून खुर्ची आणून ठेवली, पण नेत्रा बसली नाही. खरेदी झाली असेल तर निघत का नाहीत? ज्यांना एकमेकांना सोडवत नाही तीच माणसं अशी उगीच रेंगाळतात, असं शंतनूच्या मनात आलं. थोड्या वेळाने विवेक काहीतरी बोलला. नेत्राने मान हलवली. विवेकने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो आत गेला. शंतनूला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. सगळ्यांत शेवटी नेत्रा आत वळली, तशी त्याने गाडी चालू केली आणि मागच्या रस्त्याने घर गाठलं.

काकांना किल्ली परत देऊन तो लॅपटॉप उघडून बसला. विचारायचं वाक्य वाटेतच तयार झालं होतं: कधीपासून चाललंय हे?

नेत्रा आली. खोका ओट्यावर ठेवून तिने पाण्याचा ग्लास भरला.

“चारचा घेतलास की दहाचा?” त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

“सहाचा. दोन्हीला चालतो.”

“एवढ्यासाठी इतका वेळ दारात उभं राहायचं?”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. नेत्राने ग्लास खाली ठेवला. ती चिडलेली नव्हती, फक्त दमलेली दिसत होती.

“दहाच्या स्कोपमधून तू दिसलास, काकांच्या गाडीत,” ती म्हणाली. “मी तुला हात केला. त्या दोघांना म्हटलं, माझा नवरा आलाय, आता त्यालाच निवडू दे. आणि आम्ही दार उघडं धरून तुझी वाट बघत थांबलो.”