लांब पाटी

“तुमच्या शोधनिबंधांचा दाखला इतरांनी अवघा चाळीस वेळा दिलाय, अनुराधाबाई,” कार्यालयाने काढलेली यादी पुढे सरकवत निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले. “प्राध्यापकपदासाठी हे तोकडं पडतं. क्षयाच्या जंतूवरचं मूळ काम त्या वाय. सोमलवारांचं. तुम्हीसुद्धा ऊठसूट त्यांचाच आधार घेता!”

अनुराधाबाईंना हसू आवरेना. गेल्या वर्षी याच यादीपायी पद हुकले होते. यंदा त्यांनी नावबदलाचे जुने, पिवळे पडलेले राजपत्र बरोबर आणले होते. लग्नात नवऱ्याने तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले, त्या दिवशी यामिनी सोमलवार कागदोपत्री संपली. तिचे निबंध मात्र जग वाचतच राहिले.

अध्यक्षांनी राजपत्र दोनदा वाचले. “अहो, मला वाटायचं, सोमलवार म्हणजे कुणी म्हातारे गृहस्थ!”

समितीत हशा पिकला. लेखनिकाने दोन्ही नावांचे दाखले एकत्र मोजले: बाराशे सहा.

“अभिनंदन, प्राध्यापकबाई! दारावरच्या पाटीवर कोणतं नाव घालायचं?”

“पाटी जरा लांब करा, सर,” त्या म्हणाल्या. “आम्ही दोघी येणार आहोत.”