तारखेच्या रकान्यातले शब्द

वाचनालयाच्या साऱ्या जुन्या नोंदी एकाच टेक्स्ट फाइलमध्ये होत्या. निवृत्त ग्रंथपालांनी एकेक ओळ स्वतः टाइप केलेली. त्या नव्या यंत्रणेत भरायचं काम एका प्रोग्रामर मुलीकडे आलं होतं. तिचा प्रोग्राम फाइलमधली ओळ वाचायचा, त्या ओळीची एक्सएमएल विनंती, म्हणजे सर्व्हरला समजेल अशा साच्यातली नोंद, तयार करायचा आणि नव्या सर्व्हरला धाडायचा. नऊ हजार ओळी बिनबोभाट गेल्या. एकच परत आली. कारण होतं, 'तारीख अमान्य'.

तिने ती ओळ उघडली. पुस्तक परत केल्याच्या तारखेऐवजी तिथे लिहिलं होतं, 'परत मागू नये.' सभासदाचं नाव तिने पुन्हा एकदा वाचलं. मग तिने ग्रंथपालांना फोन लावला.

"सर, या नोंदीत तारीखच नाही."

"नसणारच. त्या बाईंचं पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं आणि त्या वारल्या. महिन्याभराने मी मागायला गेलो, तर सात-आठ वर्षांची पोर ते पुस्तक पोटाशी धरून दारात उभी. माझी जीभच रेटेना. घर चुकलं म्हणालो, तिने दिलेलं पाणी प्यायलो आणि परत आलो."

तिने रकान्यातले पर्याय उघडले. "नव्या यंत्रात दोनच पर्याय आहेत, सर. परत आलं, नाहीतर हरवलं."

"मग लिहा हरवलं. आता ते कुठे असणार?"

"माझ्या उशाशी आहे, सर. आईने दुमडलेलं पान मी अजून सरळ केलेलं नाही."