बिनसाखरेच्या फोडी

“झाकणभर रम घाल. झाकणभरच! हात सैल सोडू नकोस, वहिनी.”

“वन्सं, ह्यांनी हे ऐकलं असतं ना, तर मिक्सरसकट मला घराबाहेर काढलं असतं.”

नणंद हसली खरी, पण तिचं लक्ष बाहेरच्या खोलीकडे होतं. तिथे पंख्याखाली जहाज कंपनीचा माणूस मांडीवर फाईल घेऊन घाम पुसत बसला होता. दर उन्हाळ्यात यायचा बिचारा. फाईलमध्ये एक कागद होता, दादाला मृत मानायचा. त्यावर दोन सह्या हव्या होत्या, एक बायकोची आणि एक सख्ख्या बहिणीची. बायकोची होऊन तीन वर्षं झाली होती. बहिणीची जागा कोरी करकरीत होती.

दादा जहाजावर बारमन होता. सात वर्षांपूर्वी जहाज बंदराला लागलं, माणसं मोजली, तर एक कमी. ना निरोप, ना देह. “सापडला नाही, म्हणजे आहे,” असं नणंदेने त्याच दिवशी जाहीर केलं आणि त्यावर कुणी ब्र काढला की ती अंगावर धावून जायची. तेव्हापासून त्या घरात रडायला बंदी होती. वहिनीने सात वर्षं हुंदका गिळून काढली होती.

“आज तरी सही करा, वन्सं,” शहाळं फोडता फोडता वहिनी म्हणाली. “मला एकदा पोटभर रडू द्या. आतल्या आत वाळून चाललेय मी.”

“आधी प्यायला तर दे. त्या घामट्यालाही दे एक पेला.”

पेय दादाचंच. त्याच्या हातचं इतकं दाट व्हायचं, की पेल्यात चमचा सलाम ठोकून उभा राहायचा. नारळाचं घट्ट दूध, साखरेचा पाक, आणि रम विचारूच नका. पण मंगळवारी तपासणीत नणंदेची साखर वाढलेली निघाली, म्हणून आज सगळ्यालाच कात्री लागली. दुधाऐवजी शहाळ्याचं पाणी. पाकाला रजा. वरून अर्धं लिंबू. दादाचा एकच नियम तेवढा शिल्लक ठेवला होता, बर्फ घालायचा नाही. “बर्फाचं पाणी होतं आणि चव बुडते,” तो म्हणायचा, “फळाचाच बर्फ करा.” म्हणून दर सफरीला निघण्याआधी तो अननस कापायचा, फोडी साखरेत घोळवायचा आणि निळा डबा गच्च भरून फ्रीझरमध्ये ठेवून जायचा.

दादा गेला, पण डबा दर उन्हाळ्यात भरलेलाच असायचा. भरतं कोण, हे नणंदेला पक्कं ठाऊक होतं. अननसाचा रस लागला की वहिनीच्या हातांवर चट्टे उठायचे, तरी बिचारी कापत होती आणि अवाक्षर बोलत नव्हती. मग नणंदही बोलली नव्हती. बोललं की संपतं असलं काहीतरी.

“फोडी धुऊन घे हं,” ती म्हणाली. “साखर असते त्यांना.”

वहिनीने डबा उघडला. गार वाफ ओट्यावरून सरपटत खाली उतरली.

“धुवायचं काय? यंदा साखर लावलीच नाहीये. बरं केलंत, आठवणीने टाळलीत.”

“टाळलीत? कुणी?”

“आता माझ्यापासून काय लपवता? सात वर्षं बघतेय. संधिवाताने सुरी धरवत नाही तुम्हाला, आणि माझ्यासाठी अख्खा अननस...”

नणंदेने स्वतःच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग वहिनीच्या हातांकडे. हात गुळगुळीत होते. एक चट्टा नाही.

“वहिनी,” ती म्हणाली, “मला वाटायचं, तू भरतेस.”

मिक्सरच्या बटणावरचं वहिनीचं बोट तिथेच राहिलं. बाहेर कंपनीचा माणूस खाकरला.

“साखरेचं कुणाला सांगितलंस?”

“कुणाला सांगणार? तुम्हीच दम दिला होतात ना, शेजारी कळलं तर खबरदार म्हणून! मंगळवारी इथे, ओट्यापाशी बोललो आपण. दारं बंद होती, वन्सं. कुणीसुद्धा नव्हतं.”

नणंदेने एक फोड उचलून तोंडात टाकली. ती आंबट होती. गालात धरून ती पाझरेपर्यंत नणंद उभी राहिली. जिवंत माणसाने सात वर्षांत एकदा तरी कडी वाजवली असती. तिने फ्रीझरचं दार ओढून घेतलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढावं तसं, आवाज न करता. आणि ती बाहेर गेली.

“पेन द्या. कुठे करायची सही?”

कंपनीचा माणूस इतका दचकला, की फाईल मांडीवरून घसरली. त्याने घाईघाईने पेन पुढे केलं. स्वयंपाकघरात वहिनीचा हुंदका फुटला, मग दुसरा, आणि मग बांध फुटल्यासारखी ती रडू लागली.

“काही... काही कळलं का त्यांचं?” त्याने चाचरत विचारलं.

“हो,” वाकड्या बोटांनी नाव गिरवत नणंद म्हणाली. “दादा घरी पोचलाय.”